व्हेल शार्क आणि आंबोलीचा भेक
धोक्यात आलेल्या प्राण्यांचा पाठ शिकविताना तुलनेचा उपयोग

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत परिसर अभ्यास आणि सामान्य विज्ञान शिकविताना ‘दुर्मीळ होत चाललेले प्राणी’ हा विषय केव्हा ना केव्हा येतोच. बहुधा तो एका यादीने उरकला जातो. वाघ, माळढोक, गिधाड, कासव अशी नावे फळ्यावर लिहिली जातात, मुले ती वहीत उतरून घेतात आणि परीक्षेच्या दिवशी तशीच लिहून देतात. हे प्राणी कमी का झाले, असे विचारले तर वर्गातून एकच उत्तर येते, ‘शिकारीमुळे.’ ते कसे वाचवावेत, असे विचारले तर दुसरे उत्तर तयार असते, ‘शिकार करू नये.’

ही उत्तरे चुकीची नाहीत, पण ती अपुरी आहेत. गिधाडांची गोष्ट घेतली तरी हे ध्यानात येते. गिधाडे शिकाऱ्यांनी मारली नाहीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसात राहिला, आणि ते मांस खाऊन ती मेली. म्हणून २००६ साली भारतात त्या औषधाचा जनावरांसाठी होणारा वापर बंद करावा लागला. शिकारबंदीचा कितीही कडक कायदा केला असता तरी त्याने गिधाड वाचले नसते. ताप आला की प्रत्येक रोग्याला एकच काढा देणारा वैद्य जसा कामाचा नाही, तसेच प्रत्येक प्राण्याच्या ऱ्हासाला एकच कारण सांगणारा पाठही कामाचा नाही.

हा फरक मुलांच्या मनावर ठसविण्याचा सोपा मार्ग म्हणजे तुलना. त्यासाठी एकमेकांपासून शक्य तितके भिन्न असे दोन प्राणी घ्यावेत. येथे अरबी समुद्रातील व्हेल शार्क हा प्रचंड मासा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या सड्यावर राहणारा चिमुकला भेक यांची निवड केली आहे. दोन्ही प्राणी खानदेशातील मुलांनी पाहिलेले नसतात. परंतु तापीचे पाणी शेवटी ज्या समुद्रास मिळते त्याच समुद्रात पहिला वावरतो, आणि दुसऱ्याचे भाऊबंद पावसाळ्यात प्रत्येक गावाच्या डबक्यात ओरडत असतात. त्यामुळे दोघांचीही ओळख करून देणे अवघड नाही.

या निवडीला आणखी एक कारण आहे. जगातील प्राण्यांची स्थिती तपासून त्यांची ‘लाल यादी’ प्रसिद्ध करण्याचे काम आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ ही संस्था करते. तिच्या पाहणीप्रमाणे शार्क आणि त्यांच्या नात्यातील माशांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात आहेत, ही गोष्ट २०२१ साली पुढे आली. बेडूक व इतर उभयचर प्राण्यांच्या दर पाच जातींपैकी दोन जाती धोक्यात असल्याचे २०२३ साली दिसून आले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये या दोन गटांची स्थिती विशेष चिंताजनक आहे. दोन्ही गट पृथ्वीवर माणसाच्या कितीतरी आधीपासून आहेत, आणि दोन्ही गटांविषयी सामान्य माणसाला फारशी आपुलकी वाटत नाही. शार्कची भीती वाटते व बेडकाची किळस येते. ज्याविषयी आपुलकी नाही तो प्राणी नाहीसा होऊ लागला तरी फार काळ कोणाच्या लक्षात येत नाही.

व्हेल शार्क

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत ज्यास देवमासा म्हणतात तो व्हेल हा मासा नव्हे, सस्तन प्राणी होय. तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिलास दूध पाजतो, आणि त्याच्या शेपटीचा पंखा आडवा असतो. व्हेल शार्क हा मात्र खराखुरा मासा आहे. तो कल्ल्यांनी श्वास घेतो व त्याचे शेपूट उभे असते. केवळ आकाराने व्हेलसारखा अवाढव्य म्हणून त्यास हे नाव पडले. कोकणच्या बाजारात ‘मुशी’ या नावाने जे लहान शार्क विकले जातात त्यांच्याच गोतातला हा सर्वांत मोठा. सर्व शार्कांप्रमाणे याचाही सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, म्हणजे माणसाच्या कानाच्या पाळीत असते तशा लवचिक पदार्थाचा असतो.

आज पृथ्वीवर असलेल्या माशांत याच्याएवढा मोठा दुसरा मासा नाही. बारा मीटर लांबीचे, म्हणजे एस. टी. च्या गाडीएवढे व्हेल शार्क आढळतात, आणि अठरा मीटरपर्यंत लांबीची नोंद आहे. इतका मोठा प्राणी काय खात असेल, असे विचारल्यावर मुले मोठमोठ्या माशांची नावे घेतील. वस्तुतः त्याचे अन्न अगदी बारीक आहे. पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव, झिंग्यांची पिले, माशांची अंडी व लहान मासे तो तोंड उघडून पाण्यासह आत घेतो आणि कल्ल्यांजवळच्या चाळणीतून पाणी बाहेर सोडतो. त्याचे दात शेकडोंनी असले तरी अतिशय लहान असतात आणि त्यांचा खाण्याकडे काही उपयोग होत नाही. माणसाला तो इजा करीत नाही.

त्याच्या राखाडी-निळसर पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते. ही नक्षी माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येक माशाची वेगळी असते. आकाशाच्या छायाचित्रांतील तारकासमूह जुळविण्यासाठी ज्योतिर्विदांनी बसविलेली गणिती रीत पुढे शास्त्रज्ञांनी या ठिपक्यांना लावली. त्यामुळे एका समुद्रात छायाचित्र घेतलेला मासा वर्षांनंतर दुसरीकडे दिसला तरी तोच असल्याचे ओळखता येते.

व्हेल शार्क उष्ण कटिबंधातील जवळजवळ सर्व समुद्रांत फिरतो. एक मासा हजारो किलोमीटरांचा प्रवास करतो. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे ३०० पिले आढळली, आणि ही मादी अंडी बाहेर न घालता पिलांना जन्म देते हे तेव्हा निश्चित कळले. तीनशे हा आकडा ऐकून वंशवृद्धी फार झपाट्याने होत असेल असे वाटते. पण यातली फारच थोडी पिले जगतात, आणि जे पिलू जगते त्यास वयात येण्यास पंचवीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. मुलांना सांगायचे तर, जो मासा त्यांच्या जन्मवर्षी जन्मला तो ती शाळा सोडून संसाराला लागतील तेव्हा कोठे प्रजननक्षम होईल. म्हणून एक वयस्क मासा मारला गेला की त्याची जागा भरून निघण्यास पाव शतक जाते.

गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर वेरावळ, मांगरोळ या भागांत व्हेल शार्कची शिकार होत असे. आरंभी त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून चोपडण्यासाठी वापरले जाई. हुक लागलेला मासा दमून जावा म्हणून त्याला पिंपे बांधीत, त्यावरून तेथे त्याचे नावच ‘बॅरल’ पडले. पुढे त्याच्या मांसास व परांस परदेशात मागणी आली आणि १९९० नंतरच्या दशकात शिकार फार वाढली. शेकडो मासे किनाऱ्यावर ओढून आणले गेले. चित्रपटकार माइक पांडे यांनी या शिकारीवर काढलेला माहितीपट २००० साली पुढे आला. त्याने या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले. मे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्कचा समावेश झाला. या कायद्याने संरक्षण मिळालेला हा पहिलाच मासा होय. २००२ साली त्याच्या परदेशी व्यापारावरही आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण आले.

तरी केवळ कायद्याने काम भागले नाही. समुद्रात दूरवर एखाद्या होडीच्या जाळ्यात व्हेल शार्क अडकला तर तेथे पाहावयास कोणी शिपाई नसतो. जाळे कापून मासा सोडावा तर कोळ्याचे हजारो रुपयांचे जाळे वाया जाते, म्हणजे त्याच्या घरची चूल अडते. ही अडचण ओळखून २००४ साली गुजरात वन विभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून एक मोहीम आरंभिली. प्रसिद्ध कथाकार मोरारीबापू यांनी तीत भाग घेतला. हा मासा आपल्या किनाऱ्यावर येतो तो बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीसारखा, असे त्यांनी कोळ्यांना सांगितले, आणि त्याचे ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव ठेवण्यात आले. आखाजीला लेक माहेरी येण्याची वाट पाहणाऱ्या खानदेशातील घरांना या दृष्टांताचे बळ वेगळे समजावून सांगावयास नको. त्याच वेळी कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची व्यवस्था झाली. तेव्हापासून गुजरातच्या कोळ्यांनी शेकडो व्हेल शार्क जाळी कापून समुद्रात परत सोडले आहेत. यांतील कितीतरी माणसे पूर्वी शिकार करणाऱ्यांतलीच होती. महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित सागरी प्राणी सोडताना जाळ्याचे नुकसान झाल्यास कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली.

असे असूनही जगभरातील व्हेल शार्कची संख्या गेल्या पाऊणशे वर्षांत निम्म्याहून अधिक घटली आहे, असा अंदाज करून २०१६ साली लाल यादीत त्यास ‘असुरक्षित’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात घालण्यात आले. एका देशात त्याला अभय मिळाले तरी दुसऱ्या देशाच्या हद्दीत त्याचा बळी जाऊ शकतो. शिवाय तो पाण्याच्या पृष्ठाजवळ पोहतो, त्यामुळे मोठ्या मालवाहू जहाजांच्या धडकेने मरतो. पाण्याबरोबर प्लॅस्टिकचे तुकडेही त्याच्या पोटात जातात.

आंबोलीचा भेक

आता दुसऱ्या प्राण्याकडे वळावे. बेडकांच्या मोठ्या कुळात ज्यांची कातडी कोरडी व खरखरीत असते, ज्यांचे मागचे पाय आखूड असतात आणि जे लांब उडी न मारता थोडथोडे उडत किंवा चालत जातात, त्यांना मराठीत भेक म्हणतात. पावसाळ्यात घराच्या ओट्यावर दिव्याखाली किडे टिपण्यास येऊन बसतो तो खरबरीत प्राणी भेकच होय. आंबोलीचा भेक याच कुळातला, पण आकाराने फार लहान. त्याची लांबी साधारण तीन ते चार सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या पेराहून थोडी अधिक. त्याच्या अंगाच्या बाजूंवर पिवळे व काळपट पट्टे असतात. त्यावरून त्याच्या शास्त्रीय नावात वाघाचा निर्देश आला, आणि ज्या प्रजातीत तो मोडतो तिच्या ‘झँथोफ्राइन’ या नावाचा अर्थच ‘पिवळा भेक’ असा आहे.

या प्रजातीत जगात दोनच जाती ज्ञात आहेत आणि त्या दोन्ही महाराष्ट्राच्या सह्याद्रीतील आहेत. पहिली कोयनेच्या परिसरातील. तिचे वर्णन १९६३ साली सोमण यांनी केले. दुसरी आंबोलीची. तिचे वर्णन २००९ साली एस. डी. बिजू, वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. ज्या गावी दरवर्षी पावसाळ्यात हजारो लोक धबधबे पाहण्यास येतात, तेथे पायाखाली वावरणारा हा प्राणी एक स्वतंत्र जात आहे, हे इतक्या उशिरा कळले. मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी. शोध लावण्याजोगे काही उरले नाही, अशी त्यांची समजूत असते.

आंबोली हे सावंतवाडी तालुक्यातील घाटमाथ्यावरचे गाव. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत त्याची गणना होते. तेथे जांभ्या दगडाची सपाट, उघडी पठारे आहेत. त्यांना सडा म्हणतात. उन्हाळ्यात सडा तव्यासारखा तापलेला व ओसाड दिसतो, आणि ही पडीक जमीन आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. मान्सूनपूर्व सरी येताच दगडातील उथळ खळग्यांत पाणी साचते. त्याच सुमारास हे भेक मोठ्या संख्येने बाहेर पडतात, नर रात्री ओरडू लागतात, आणि माद्या त्या उथळ पाण्यात अंडी घालतात. घराजवळचा साधा भेक हजारो अंड्यांच्या लांब माळा घालतो. आंबोलीचा भेक मात्र त्या मानाने थोडीच अंडी घालतो. अंडी, भैरी आणि लहान भेक हा सारा क्रम खळग्यातील पाणी आटण्यापूर्वी पुरा व्हावा लागतो. पहिल्या सरीनंतर पावसाने मोठी उघडीप दिली तर खळगा कोरडा पडतो व त्यातील पिढी तेथेच नष्ट होते.

मोठ्या तलावात अंडी घालणे अधिक सुरक्षित नव्हे काय, असे एखादा विद्यार्थी विचारील. प्रश्न चांगला आहे. तलावात पाणी टिकते, पण तेथे भैऱ्यांना खाणारे मासे व इतर जीवही असतात. चार दिवसांच्या खळग्यात ते नसतात. शत्रूंपासून सुटका करून घेण्यासाठी या भेकाने पावसाच्या लहरीपणाचा धोका पत्करला आहे. हजारो वर्षे हा व्यवहार त्याला परवडला.

आता मात्र तो परवडेल की नाही, अशी शंका आहे. हा भेक आंबोली व तिच्या आसपासच्या फारच थोड्या चौरस किलोमीटरांच्या प्रदेशात आढळतो. जगात इतरत्र तो नाही. लाल यादीत त्यास ‘अतिसंकटग्रस्त’ ठरविले आहे, म्हणजे व्हेल शार्कहूनही एक पायरी पुढचा धोका. त्याची शिकार कोणी करीत नाही. त्याचे मांस, तेल वा कातडे यांना कोणतीही किंमत नाही. त्याच्या मार्गात येतात त्या अगदी साध्या गोष्टी. सड्यावर बांधकाम होते, दगड काढला जातो, माती पसरून लागवड केली जाते. सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा रस्ता आंबोलीतून जातो, आणि पहिल्या पावसाच्या रात्री रस्त्यावर आलेले भेक वाहनांच्या चाकांखाली सापडतात. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. सड्यावर गाडी उभी करणाऱ्या प्रवाशाला आपल्या चाकाखालचा वीतभर पाण्याचा खळगा म्हणजे एका जातीचे सूतिकागृह आहे, याची कल्पनाही नसते.

तुलना

दोन्ही प्राण्यांची माहिती सांगून झाल्यावर शिक्षकाने फळ्याचे दोन भाग करावेत आणि चार प्रश्न क्रमाने घ्यावेत.

पहिला प्रश्न : तो कोठे राहतो? व्हेल शार्क कित्येक देशांच्या समुद्रांत राहतो. भेक एका गावाच्या परिसरात राहतो. येथे मुलांचा एक गैरसमज दूर होतो. जो सर्वत्र आढळतो तो सुरक्षित, असे त्यांना वाटते. पण सर्वत्र आढळणाऱ्यावर सर्वत्र संकट येऊ शकते. उलट, आंबोलीत पावसाच्या एका रात्री शेकडो भेक एकदम दिसले म्हणजे त्यांचा सुकाळ आहे, असेही नव्हे. ते शेकडो हाच कदाचित त्या जातीचा मोठा हिस्सा असेल.

दुसरा प्रश्न : त्याची वाढ किती वेगाने होते? व्हेल शार्क पाव शतकाने वयात येतो. भेकाची भैरी काही आठवड्यांत पाण्याबाहेर पडते. व्हेल शार्कच्या बाबतीत प्रत्येक वयस्क मासा मोलाचा आहे. भेकाच्या बाबतीत वंशवृद्धीची जागा मोलाची आहे. एखादे वर्ष पावसाने दगा दिला तर सडा शाबूत असल्यास पुढील वर्षी तूट भरून निघू शकते. सडाच गेला तर चांगला पाऊसही काही करू शकत नाही.

तिसरा प्रश्न : त्याला मारते कोण? व्हेल शार्कला माणसाने त्याचे मोल ओळखून मारले, तेलासाठी, मांसासाठी, परांसाठी. भेकाला माणूस मारतो तो त्याचे अस्तित्वच माहीत नसल्यामुळे. एका ठिकाणी लोभ हे कारण, दुसऱ्या ठिकाणी अज्ञान. शिकारीमुळे या एका शब्दात ही दोन्ही कारणे मावत नाहीत, हे आता मुलांना आपोआप दिसेल.

चौथा प्रश्न : मग उपाय कोणता? व्हेल शार्कसाठी देशाचा कायदा, अनेक देशांमधील करार आणि जाळ्याची भरपाई हवी. भेकासाठी कोणत्याही परराष्ट्राशी करार करावा लागत नाही. एका ग्रामपंचायतीने, एका तालुक्याने व एका रस्त्याने मनावर घेतले तर त्याचे रक्षण होऊ शकते. आंबोलीतच याचे उदाहरण घडले आहे. तेथील हिरण्यकेशीच्या उगमाजवळ आढळलेल्या एका नव्या जातीच्या माशाचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले, आणि त्याचे वसतिस्थान २०२१ साली राज्य शासनाने जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. जागा लहान असेल तर तिचा नाश लवकर होतो. पण तिचे रक्षणही तितक्याच लवकर करता येते.

चारही उत्तरे समोरासमोर मांडल्यावर जेथे दोन्ही प्राणी एक होतात ती गोष्ट शेवटी दाखवावी. दोघांचेही भवितव्य त्यांच्या अगदी जवळ राहणाऱ्या माणसांच्या हाती आहे. कायदा राजधानीत होतो, पण जाळे कापणारा हात वेरावळच्या कोळ्याचा असतो. लाल यादी परदेशात छापली जाते, पण सड्यावरची वाट कोणत्या बाजूने न्यावी हे आंबोलीचे गावकरी ठरवितात. आणि जवळच्या माणसावर भार टाकावयाचा तर त्याचे पोटही पाहिले पाहिजे. व्हेल शार्कची मोहीम यशस्वी झाली, कारण तिने कोळ्याला दोष देण्याऐवजी त्याच्या जाळ्याची किंमत मोजली.

खानदेशातील उपयोग

हे चार प्रश्न हाती आले की ते घरच्या प्राण्यांना लावता येतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांस साजेसे उदाहरण म्हणजे वनपिंगळा. हे लहानसे घुबड १८७३ साली शास्त्रास ज्ञात झाले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही व ते नामशेष झाले, असे पुष्कळांनी मानले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व बेन किंग या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांच्या तुकडीला ते शहाद्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा दिसले. यावलच्या जंगलातही ते आढळते. ते कोठे राहते? सातपुड्यासारख्या विरळ सागवनांत. त्याचे वैरी कोण? मुख्यतः त्याची वस्ती असलेले जंगल व ढोली असलेली जुनी झाडे तोडली जाणे. अधिक ठिकाणी त्याचा पत्ता लागल्यामुळे २०१८ साली लाल यादीत त्याचा धोका एका पायरीने कमी दाखविण्यात आला. यादीतील प्राण्याचे स्थान कायमचे नसते आणि नीट शोध घेतल्याने ते बदलू शकते, हेही यावरून मुलांना कळेल.

दुसरे उदाहरण शेतातील मोठ्या बेडकाचे. पहिल्या पावसात हळदीसारखा पिवळा होऊन दोन निळे फुगे फुगवीत ओरडणारा हा बेडूक मुलांनी पाहिलेला असतो. तो लाल यादीत धोक्यात नाही. तरी एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत असे, आणि ती मुख्यतः याच बेडकाची होती. शेतातील किडे खाणारे बेडूक कमी होत आहेत, ही गोष्ट पुढे आल्यावर १९८७ साली ही निर्यात बंद करण्यात आली. विपुल असलेल्या प्राण्याची काळजी तो विपुल असतानाच घेतली तर ती स्वस्तात पडते, हा या उदाहरणाचा बोध.

पाऊस लांबला की धोंडी काढण्याची चाल पुष्कळ गावांत आहे. बेडूक ओरडला की पाऊस येतो, या श्रद्धेने मुले दारोदार पाणी मागत फिरतात. या चालीची थट्टा करण्याचे कारण नाही. बेडकाचे आणि पावसाचे नाते पूर्वजांनी नीट पाहिले होते, याचीच ती खूण आहे. मात्र त्यासाठी जिवंत बेडूक बांधून उन्हात फिरविण्याऐवजी मातीचा बेडूक घडवावा, असे शिक्षकाने गावात सुचविल्यास चालही राहील आणि बेडूकही राहील.

वर्गात घ्यावयाचे काम

१. शाळेच्या मैदानावर दोरीने १२ मीटर लांबी मोजून व्हेल शार्कची आकृती फकीने आखावी. तिच्या डोक्याजवळ ४ सेंटीमीटरचा खडा ठेवावा व तो भेक समजावा. किती भेक एकापुढे एक ठेवले असता माशाची लांबी भरेल, हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. उत्तर ३०० येते.

२. प्रत्येक गटाने गावातील एक प्राणी निवडून वरील चार प्रश्नांची उत्तरे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावीत. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तो किती दिसे व आता किती दिसतो, हे आजी-आजोबांकडून कळेल.

३. शाळेत पावसाळ्याची नोंदवही ठेवावी. पहिला पाऊस केव्हा पडला, बेडकांचा आवाज प्रथम केव्हा ऐकू आला, डबक्यात भैऱ्या केव्हा दिसल्या व डबके केव्हा आटले, या तारखा दरवर्षी लिहाव्यात. रात्री मुलांना पाण्याकाठी पाठवू नये. घरात बसून जे ऐकू येते तेवढे पुरे. बेडूक पकडून बाटलीत ठेवू नयेत. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेतच राहावी. अशी दहा वर्षांची नोंद जेथे असेल त्या गावाला आपल्या बेडकांविषयी जे ठाऊक असेल, ते दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसेल.

आंबोलीच्या भेकाला नाव मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले, आणि वनपिंगळा ११३ वर्षे हरवल्यासारखा होता. दोन्ही प्राणी लोकवस्तीपासून फार दूर नव्हते. त्यांच्याकडे नीट पाहून टिपून ठेवणारे कोणी तेथे नव्हते, इतकेच. हे पाहण्याचे व टिपण्याचे काम खेड्यातील शाळेइतके नियमितपणे दुसरी कोणतीही संस्था करू शकणार नाही. त्याला खर्च एका वहीचा आहे.